भाऊबीजेचं ग्रिल

खडेबाजारात आमचं भांड्यांचं आणि शेगड्यांचं दुकान आहे. मी थोरला. गल्ला आणि फोन धाकट्या भावाकडे. आमची एकुलती बहीण येळ्ळूरला दिलेली. तिच्या भाजलेल्या उजव्या हाताबद्दल नात्यात जे बोललं जातं ते खोटं आहे, आणि ते पहिल्यांदा मीच बोललो. म्हणून हे लिहितो आहे.

त्या भाऊबीजेला ओवाळणीत साडी घालायचं माझ्या मनात होतं. धाकटा म्हणाला, "अण्णा, साड्या लई झाल्या तिच्याकडं. हे बघ, अंगणात वांगी भाजायला कसं झ्याक हाय." खाली छोटी टाकी, वर जाळी, कुठंही उचलून न्यावं असं गॅस ग्रिल. मलाही पटलं. बहिणीनं आम्हा दोघांना ओवाळलं आणि ग्रिललाही कुंकवाचं बोट लावलं.

थोड्याच दिवसांत नळीच्या जोडापाशी भडका उडाला. हात कोपरापर्यंत भाजला. दवाखान्यात सगळ्यांच्या देखत मी तिलाच झापलं, "टाकी वाकडी बसवली असशील. आमच्या दुकानचा माल असा पेटत न्हाय."

"व्हय अण्णा, माझंच चुकलं," ती म्हणाली.

हात बरा झाला, पण माझं बोलणं ऐकलेल्या तिच्या सुनेनं तिला पुन्हा गॅसजवळ जाऊ दिलं नाही. जन्मभर घराला रांधून घालणारी बाई घोटभर चहासुद्धा मागून पिऊ लागली.

उन्हाळ्यात कोल्हापूरहून वितरकाचा माणूस आला. मांडणीकडे बघून चमकला. "ही ग्रिलं अजून हितंच? जोडातून गॅस झिरपतोय म्हणून कंपनीनं दिवाळीआधीच परत मागवलीत. तुमच्या भावाशी मी स्वतः बोललोय की फोनवर."

धाकट्यानं मान वर केली नाही. माणूस गेल्यावर मी विचारलं, "आक्काला देताना तुला ठाऊक हुतं?"

"खोकं फोडलेलं परत घेत न्हाईत, अण्णा. नुसतं पडून हुतं. कंपन्या उगंच भ्यात्यात असं वाटलं."

दवाखान्यात मी तिला बोलत होतो तेव्हा हा शेजारी बसून तिच्यासाठी मोसंबी सोलत होता. एक सालही त्यानं अर्धवट सोडली नव्हती. मला ते आठवत राहिलं.

उरलेले नग मी परत धाडले. ज्यांनी नेले होते त्यांना फोन केले, दुकानावर मराठीत आणि कानडीत पाटी लावली. येळ्ळूरला जायचा धीर मात्र बरेच दिवस झाला नाही.

गेलो तेव्हा ती सोप्यात सूप पुढ्यात घेऊन शेंगा फोडत होती. सगळं सांगितलं.

"त्याला ठाऊक हुतं?"

"व्हय."

"आणि तुला?"

"मला न्हाय. पण तुझी चूक हाय असं मीच सगळ्यांना सांगितलं."

तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. "मग आता मला कशाला सांगतोस? आत सून हाय. तिला सांग."

मी उठलो आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो.