काचेमागची पदकं

आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वरची भिंत रिकामी दिसत होती. खरं कारण एवढंच. वडिलांचा मान, मुलांना आजोबांचं कर्तृत्व कळायला हवं वगैरे जे मी सगळ्यांना सांगत फिरले, ते नंतर सुचलेलं.

बाबा फौजेतून निवृत्त झाल्यावर मंठ्याकडच्या आमच्या गावीच राहायचे. आई गेल्यावर मी त्यांना नवीन जालन्यात माझ्याकडे आणलं. येताना त्यांनी कपड्यांची ट्रंक आणली आणि मिठाईचा एक पत्र्याचा डबा. डब्यात लोकरी मोज्यात गुंडाळलेली त्यांची पदकं. सगळी एका पट्टीवर ओळीनं लावलेली, पट्टीला मागून पिन. सव्वीस जानेवारीला आणि भीमजयंतीला ती कोटावर चढायची, एरवी मोज्यात.

आदल्या दिवशी बाबा टूथ पावडर आणि मऊ फडकं घेऊन बसत. रंगीत फितीला पावडर लागू नये म्हणून त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याला चीर पाडून ठेवली होती. फीत त्या चिरेतून मागं सारायची, पदक पुढं राहू द्यायचं आणि मग घासायचं. लहानपणी तो पुठ्ठा धरायचं काम माझं होतं. माझा हात हलला की ते म्हणत, बराबर धर.

हे सगळं माहीत असून मी दिवाळीत त्यांना विचारलं, फ्रेम करून आणू का? ते म्हणाले, "तुझीच हायेत माय, ने." त्यांना वाटलं होतं, काचेला दार असेल, हवी तेव्हा काढता येतील. हे त्यांनी तेव्हा सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला घाई होती.

फ्रेमवाल्यानं मात्र विचारलं होतं. लटकवू की चिकटवू? मी म्हटलं, पक्की चिकटवा, एकही हलता कामा नये. पट्टी जाड आहे, काचेला लागतेय म्हणाला, तर पट्टीही काढून टाकायला सांगितली. मधोमध बाबांचा वर्दीतला फोटो, भोवती मरून मखमलीवर पदकांची कमान. कुठलं कुणाच्या आधी हे फौजेत ठरलेलं असतं. मी ती फितींच्या रंगावरून लावून घेतली. भिंतीवर चढल्यावर बाबांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, झकास.

संक्रांतीला खालच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या बाई तिळगूळ घेऊन आल्या. आत आल्या आल्या त्यांची नजर फ्रेमवर गेली. त्यांनी चप्पल काढून हात जोडले आणि हळू आवाजात मला विचारलं, कधी गेले? मी उत्तर द्यायच्या आत बाबा चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आले. बिचारीला कुठं बघावं कळेना. बाबांनीच तिला सांभाळून घेतलं. म्हणाले, "हार तेवढा राह्यलाय बघा." सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला आज लाज वाटते, कारण ती फ्रेम कशी दिसते हे मला तेव्हाच कळलं होतं आणि मी ते हसून घालवलं.

पंचवीस तारखेला दुपारी बाबा टूथ पावडरचा डबा शोधू लागले. गावच्या शाळेत झेंडावंदनाला ते दरवर्षी जातात. म्हणाले, उद्यासाठी पट्टी काढून दे. मी फ्रेम रिक्षात घालून दुकानात नेली. फ्रेमवाल्यानं काच काढली, एक पदक बोटानं हलवून पाहिलं आणि मान हलवली. ओढलं तर फीत फाटेल म्हणाला. तुम्हीच पक्कं म्हणालात, असंही म्हणाला, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं.

घरी येऊन मी बाबांना काय सांगावं? मी म्हटलं, यंदा राहू द्या, पदकांशिवायही गावात तुम्हाला सगळे ओळखतात. मी शिकवते त्या शाळेत पालकांची समजूत घालताना माझा आवाज असाच गोड होतो. ते म्हणाले, "बराबर हाय." आणि पावडरचा डबा जागेवर ठेवून आले.

सकाळी त्यांनी पदकांचा तो निळा कोट घातला. डाव्या छातीवर पिनेची बारीक भोकं होती. बाकी कोट उन्हानं विटलेला, पण पदकांखालची तेवढी जागा अजून गडद निळी. गावच्या शाळेत झेंडा वर गेला, बाबांनी सलाम ठोकला, राष्ट्रगीत झालं. मग एका पोरीच्या हातातून खाली पडलेलं फूल उचलायला ते वाकले आणि वाकताना त्यांचा डावा हात छातीवर गेला. पदकं वाजू नयेत म्हणून ते नेहमी तशी धरून वाकायचे. हात तिथं क्षणभर चाचपडला, मग त्यांनी तो खाली घेतला. मी शेजारी उभी होते. मला तिथंच रडू कोसळलं, आणि बाजूच्या बाईंना वाटलं, राष्ट्रगीतानं.

घरी आल्यावर फ्रेम जमिनीवर घेतली आणि काच काढून केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा मारत बसले. गोंद मऊ झाला की सुरीचं टोक आत सारायचं. बाबा येऊन शेजारी बसले.

मग म्हणाले, "कशाला इतकी मेहनत करून राह्यली? मंग हार घालायच्या येळी पुन्हा चिकटवावंच लागंल की."

मी सुरी आणखी आत सारली. पहिलं पदक सुटलं, पण त्याची फीत अर्धी मखमलीवरच राहिली. बाबांनी ते तळहातावर घेतलं, कडेवर कोरलेल्या स्वतःच्या नावावरून अंगठा फिरवला आणि मोज्यात ठेवलं. मी पुढच्या पदकाखाली सुरी घातली. त्यांनी फ्रेमची कड दोन्ही हातांनी धरली, हलू नये म्हणून.