आधी माझं

"थांब. आधी माझं." असं म्हणून बाई हाताचा तळवा वर करायच्या. वर्गात कुणी खोटं बोललं, कुणी उशिरा आलं, की ओरडण्याऐवजी हेच. "परवा मीही उशिरा आले आणि गाडीचं निमित्त सांगितलं. खरं तर डोळाच उघडला नव्हता. आता तुझं." मग पोर बोलेपर्यंत गप्प उभ्या. पोरं खरं सांगून मोकळी व्हायची. आम्ही बाकीचे शिक्षक हसायचो.

कळव्याच्या आमच्या शाळेत त्या खडवलीहून यायच्या. नोकरी अजून कायम व्हायची होती.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस शाळाशाळांतून मूल्यशिक्षणाचं वारं शिरलं. आमच्या मुख्याध्यापकांनी तक्ताच काढला. प्रामाणिकपणा, सौजन्य, संयम. प्रत्येक पोरापुढे अ, ब किंवा क. वर्गात साठ पोरं आणि तपासणी सोमवारी! माणसाचं मन म्हणजे काय वाण्याची यादी आहे? पण हे मी तेव्हा बोललो नाही. सरळ गणिताच्या गुणांवरून तक्ता भरून टाकला. साठाच्या वर अ, चाळीसच्या खाली क. तुमच्या प्रगतिपुस्तकावरचे शेरेही कुणी असेच ठोकून दिले असतील.

माझ्या वर्गात खाडीकाठच्या कोळीवाड्यातली एक मुलगी होती. पेपर वाटल्यावर ती टेबलापाशी आली. "सर, तुमची बेरीज चुकलीय. मला दोन जास्त पडलेत." मी दोन कापले. चाळीसचे अडतीस झाले, आणि प्रामाणिकपणापुढे 'क' पडला.

हा किस्सा मी बाईंना गंमत म्हणून सांगितला. त्या हसल्या नाहीत. त्यांनी आपल्या तक्त्यात पोरांपुढची घरं कोरी ठेवली, वर स्वतःचं नाव लिहिलं आणि पुढे श्रेणी भरल्या. संयम, क.

"थट्टा चालवलीय?" मुख्याध्यापक कडाडले.

"नाही सर. पोरांचं नंतर. आधी माझं."

कामात हयगय, असं पत्र तयार झालं. साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. त्या माणसाची आठवण आली की अजून माझं डोकं फिरतं. पण त्याने काही माझा हात धरून सही करवली नव्हती.

बाईंना काढलं. शेवटच्या दिवशी त्या पिशवी भरत होत्या. मी म्हणालो, "बाई, मुख्याध्यापकांनी फारच..."

तळवा वर झाला. "थांबा सर. आधी माझं. त्या पोरीचा क बदला, असं तुम्हाला त्याच दिवशी तोंडावर सांगायला हवं होतं. तुम्ही सीनियर, म्हणून मी घाबरले. चुकलं माझं."

आणि नेहमीसारख्या गप्प उभ्या राहिल्या. माझ्याकडे बघत.

घंटा झाली. मी हजेरीपट उचलला आणि वर्गावर गेलो. तास मूल्यशिक्षणाचा होता.