आत्या बाकावरून उठली नाही

माझ्या आत्याला आमच्या चर्चच्या मंडळीतले सगळे साबणआत्या म्हणतात. तिला त्याचा राग येत नाही, म्हणून तिच्या वाट्याचा मीच धरते. दवाखान्याच्या लाँड्रीत ती आयुष्यभर कामाला. दिवसभर वॉर्डांमधून येणाऱ्या चादरी. त्यांच्यावर काय काय असतं ते जेवणाआधी सांगू नये. एवढं झाल्यावर माणसाने संध्याकाळी घरी येऊन पाय पसरावेत की नाही? ही अर्धा चहा तसाच टाकून पिशवी उचलायची आणि मंडळीतल्या कुणा अंथरुणाला खिळलेल्याच्या घरी जायची. तिथलं अंथरूण बदलायची, मळलेलं सगळं भरून आणायची, धुवायची, इस्त्री करून परत नेऊन द्यायची. आमच्या घरातल्या दोरीवर आमचे कपडे कधी दिसले तर पाहुणे आलेत असं वाटायचं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

माझं लग्न मोडल्यावर मी चार दिवसांसाठी म्हणून तिच्याकडे राहायला आले आणि तिथलीच झाले. बुटांच्या दुकानात नोकरी धरली. मी तिला तोंडावर म्हणायचे, "आत्या, लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस तू."

"लष्कराला पण भूक लागते गं," ती म्हणायची आणि बादलीत हात घालायची. धुण्याच्या सोड्याने तिच्या हातांची सालं निघालेली असायची. मलम आणून दिलं तर ते कुणा आजाऱ्याच्या पाठीला लावून यायची.

हे सगळं सुरू झालं आजीपासून. आजी तीन-चार वर्षं खाटेवर होती. मंडळीतले लोक यायचे, उंबऱ्यात उभे राहून प्रार्थना करायचे, नाकाला रुमाल लावून जायचे. आत्या एकटी उरस्फोड करायची. लग्नाचं वय त्यातच निघून गेलं. आजी गेल्यावर तिने ठरवलं की आपल्या मंडळीत कुणी घाणीत पडून राहणार नाही. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, मी चादरी धुते, एवढीच तिची शिकवण. मी चिडायचे खरी, पण तिच्यासारखं करणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही, हेही इथे सांगून टाकते.

मात्र तिचं काम लाँड्रीच्या शिस्तीचं होतं. दारातून आत आली की पेशंटने कुशीवर वळायचं. चादर ओढली, नवी घातली, उशी झटकली, आता या कुशीवर. बोलायचं ते कामापुरतं. म्हातारी माणसं तिला घाबरायची आणि तिच्यासाठी प्रार्थनाही करायची.

चष्मेवाल्यांची बायको आजारी पडली तेव्हा आत्या दर बुधवारी त्यांच्याकडे जाऊ लागली. चष्मेवाले म्हणजे कोपऱ्यावरचं छोटं दुकान चालवणारे, काड्या बसवून देणारे, काचा घासणारे, मोजकं बोलणारे गृहस्थ. नवराबायको दोघंच, मूलबाळ नाही. दिवसभर ते दुकानात, वर खोलीत बायको खाटेवर. आत्याकडे त्यांनी घराची किल्लीच देऊन ठेवली होती. आजारपण लांबलं. शेवटी शेवटी बाईंच्या अंगावर हाडं तेवढी राहिली होती. एका सकाळी त्या गेल्या.

दफनविधी झाला. चष्मेवाल्यांची बहीण त्यांना दोन दिवस आपल्या घरी घेऊन गेली. आणि त्या दोन दिवसांत आत्याने जे केलं, ते फक्त तिच्यासारखीच बाई करू शकते.

दवाखान्यात माणूस गेलं की खाट लगेच रिकामी करतात. गादीपासून पडद्यापर्यंत सगळं लाँड्रीत येतं. आत्याच्या डोक्यात ती रीत इतकी बसलेली की तिच्यामागे विचार असा नव्हताच. किल्ली लावून ती वर गेली. चादरी, उशांचे अभ्रे, बाईंचे गाऊन, शाल, दारामागचा टॉवेल, डोक्याला बांधायचा रुमाल, सगळं गोळा केलं. घरी आणून सोड्यात उकळलं. खळ घातली, इस्त्री केली. तिथली फरशी औषधाच्या पाण्याने पुसली, खिडक्या उघड्या टाकल्या आणि कपाटात कपड्यांच्या घड्या अशा लावल्या की दुकानात मांडाव्यात. संध्याकाळी घरी येऊन म्हणाली, "बिचाऱ्याला परत आल्यावर ते सगळं बघायला नको." ती समाधानाने जेवली त्या दिवशी.

चष्मेवाले आले तेव्हा मी घरातच होते. हातात कपड्यांचा गठ्ठा. दार मीच उघडलं. ते माझ्याकडे न बघता आत्याकडे गेले.

"बाई, हे कुणाचे कपडे आहेत?"

आत्याला वाटलं, चुकून दुसऱ्या घरचे गेले. तिने वरचा अभ्रा उलटून पाहिला. "तुमचेच की, भाऊ. वहिनींचे."

"हिच्या उशीला हिचा वास होता," ते म्हणाले. "शालीला होता. मी दोन दिवस बहिणीकडे काढले ते घरी आल्यावर ती शाल घेऊन झोपायचं म्हणून. आता या सगळ्याला साबणाचा वास येतोय."

"औषधांचा वास होता भाऊ तो. आजारपणाचा."

"तोच राहिला होता माझ्याकडे."

मोठ्याने बोलले असते, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी मधे तोंड घालायला लागले होते, पण आत्याचा चेहरा बघून मागे सरले. ते गठ्ठा तिथेच खुर्चीवर ठेवून निघून गेले. किल्ली मागून घेतली नाही. आत्यानेच दुसऱ्या दिवशी ती दुकानाच्या काउंटरवर नेऊन ठेवली. त्यांनी काचेवरून मान वर केली नाही.

आमच्या मंडळीत एक जुनी रीत आहे. महिन्यातून एकदा प्रभुभोजन असतं; भाकरी आणि द्राक्षरस घ्यायला लोक उठण्याआधी पाळकसाहेब थांबतात आणि सांगतात: तुमच्यामुळे कुणाच्या मनाला घाव असेल, तर आज बाकावर बसून राहा, आधी त्याच्याशी समेट करा, मग या. सांगतात दर वेळी, बसत कुणी नाही. भिंतीवरून वर्षानुवर्षं भांडणारे शेजारी एकामागोमाग एक उठून रांगेत उभे राहतात. त्या महिन्यात सगळे उठले आणि आत्या बसून राहिली. मला आधी वाटलं तिला चक्कर आली.

"अगं ऊठ," मी म्हणाले.

"नाही. तू जा."

रांगेतली प्रत्येक मान तिच्याकडे वळली. त्यांतल्या निम्म्या लोकांच्या आईबापांची अंथरुणं तिने धुतलेली होती. पुढच्या महिन्यातही ती बसली, त्याच्या पुढच्याही. चष्मेवाले तर चर्चला यायचेच बंद झाले होते. पाळकसाहेब घरी आले, खुर्चीवरच्या गठ्ठ्याशेजारी अवघडून बसले आणि म्हणाले, "बाई, तुमचा हेतू चांगला होता. देव हेतू बघतो."

"देवाचं माझं नंतर बघू साहेब," आत्या म्हणाली. "भाऊंना माझ्या हेतूतून काय मिळालं?"

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि चहा न घेता गेले.

तिने माफी मागायचे प्रयत्न केले, पण तिला रिकाम्या हाताने कुठे जाताच येत नसे. कधी सूपचा डबा, कधी दुकानाच्या पडद्यासाठी नवं कापड, कधी नुसतं काचा पुसायला शिवलेलं फडकं. दर वेळी ती वस्तू आमच्या दाराशी परत यायची, डबा घासून, फडकं घडी घालून. मी म्हटलं, "सोडून दे ना आता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही त्या माणसाचा." त्यावर ती माझ्यावर ओरडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यानंतर ती गप्पगप्प राहू लागली, जेवण अर्धं ठेवून उठू लागली. मला मनापासून भीती वाटली की ही बाई या एका गोष्टीपायी झिजून जाणार.

मग एकदा माझ्या दुकानाला सुट्टी होती, तेव्हा मीच तिला धरून चष्मेवाल्यांकडे नेलं. हातात काहीही घेऊ दिलं नाही. ती काउंटरसमोर उभी राहिली आणि हातांचं काय करावं ते तिला कळेना.

"भाऊ, माझं चुकलं. विचारायला हवं होतं, नाही विचारलं."

चष्मेवाल्यांनी हातातली काडी खाली ठेवली. मग म्हणाले, "मला तुमच्याकडून काही नको, बाई. एक सांगा फक्त. दर बुधवारी तुम्ही हिच्याजवळ होता. मी खाली इथे असायचो. माझ्याजवळ ती बोलायची नाही, मला त्रास नको म्हणून. तुमच्याजवळ बोलत असेल. काय बोलायची?"

आत्या दाराकडे सरकली. "सांगते," म्हणाली. "आठवून सांगते." आणि जवळजवळ पळतच बाहेर आली.

घरी येऊन ती पलंगाच्या कडेला बसली. "मला काही आठवत नाही गं."

"काहीच कसं नाही? इतक्या वेळा गेलीस."

"डाग आठवतात," ती म्हणाली. "अभ्र्यावर काढ्याचा डाग होता, तो जाता जात नव्हता. गाऊनच्या बाहीला रक्त. चहा सांडलेला. सगळं आठवतं. त्या बोलायच्या, खूप बोलायच्या. मी हं हं करायचे. माझं लक्ष चादरीत."

मी तिला सरळ सांगितलं, "मग रचून सांग. म्हण, तुमची काळजी करायच्या, तुमच्यावर फार जीव होता. खोटं थोडंच आहे? बायको असंच बोलणार. तो माणूस शांत होईल, तू सुटशील." मला आजही तो सल्ला वाईट वाटत नाही. शहाण्या माणसाने तेच केलं असतं.

आत्या काही दिवस तशीच फिरत होती. लाँड्रीत तिच्या हातून चादरींच्या घड्या वाकड्या पडू लागल्या, असं तिच्या मैत्रिणीने मला सांगितलं. आणि एका संध्याकाळी भाजी चिरता चिरता तिने सुरी खाली ठेवली.

"एक आठवलं," म्हणाली.

"काय?"

तिने मला सांगितलं नाही. चप्पल घालून निघाली. मी मागोमाग गेले, ती काही वेडंवाकडं करून बसेल म्हणून.

चष्मेवाले दुकान बंद करायच्या बेतात होते. आत्या म्हणाली, "भाऊ, एकच गोष्ट आठवते. मी निघाले की वहिनी म्हणायच्या, ‘जरा बसा हो.’ दर बुधवारी म्हणायच्या. मी म्हणायचे, पुढच्या वेळी बसेन. आणि पुढच्या वेळी पुन्हा घाईत. त्या काय बोलल्या असत्या ते मला ठाऊक नाही, कारण मी एकदाही बसले नाही."

मला तिथल्या तिथे तिच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. माफी मागायला आलेल्या बाईने स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला होता. चष्मेवाल्यांनी दुकानातला दिवा मालवला. अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता. "जा तुम्ही," एवढंच म्हणाले. आम्ही आलो.

त्यानंतर आत्याची तऱ्हा बदलली. आजाऱ्याच्या घरी गेली की पिशवी दाराशी ठेवून ती आधी खाटेजवळ बसायची. त्यांना वाटेल ते बोलू द्यायची. रडणारे रडायचे, चिडणारे चिडायचे. एका म्हाताऱ्याने तर विचारलं, "बाई, आज तब्येत बरी नाही का तुमची? चादर कधी बदलणार?" लोकांच्या व्यथा ऐकता ऐकता उशीर व्हायचा. ती घरी यायची ती खांदे पडलेली. पूर्वी इतक्या चादरी धुऊनही तिचा चेहरा असा दिसायचा नाही. "किती सोसतात गं माणसं," म्हणायची. "मला वाटायचं मला माहीत आहे." आणि धुणं? ते कोण धुणार? मीच. दिवसभर लोकांच्या पायांत बूट घालायचे आणि घरी आल्यावर बादली. अशा घरात राहायला आले त्याची फळं.

महिने गेले. दर प्रभुभोजनाला आत्या बाकावरच. लोकांना त्याची सवय झाली. सवय कशाची होत नाही?

मग एका रविवारी उपासना सुरू झाल्यावर मागचं दार वाजलं आणि चष्मेवाले आत आले. खूप वाळले होते. रिकाम्या जागा बऱ्याच होत्या. ते पुढे आले आणि आमच्या बाकावर, आत्याच्या पलीकडे बसले. मी मनात म्हटलं, झालं, सुटली बिचारी.

पाळकसाहेबांनी नेहमीचं सांगितलं. लोक उठू लागले. मी उठले. आत्या चष्मेवाल्यांना हळूच म्हणाली, "जा भाऊ तुम्ही. तुमच्यामुळे कुणाला घाव नाही."

"माझ्या मनात अढी आहे ना," ते म्हणाले. "तुमच्याबद्दल. काढायला बघतोय, निघत नाही. खोटं कशाला सांगू?"

"नका सांगू," आत्या म्हणाली. "मला घाई नाही."

"मलाही जाता येणार नाही मग."

मी दोघांच्या गुडघ्यांना अडखळत रांगेत गेले. रांग पुढे सरकली, भाकरीचा तुकडा माझ्या हातावर आला, तो मी तोंडात टाकला आणि मागे वळून पाहिलं. सगळी बाकं रिकामी होती आणि मधे ती दोघंच होती. चष्मेवाले खाली मान घालून काहीतरी सांगत होते, थांबत होते, पुन्हा सांगत होते. बायकोबद्दलच असणार. आत्या त्यांच्याकडे वळून बसली होती, सोललेले हात मांडीवर ठेवून, आणि ऐकत होती. माझ्या मागचा माणूस पुढे हो म्हणत होता, आणि मला तो घास काही केल्या गिळवेना.