भुजलीच्या शब्दावर सोडलेली जागा

आषाढात एका सकाळी विमल दारात येऊन उभी राहिली. "मावशी, माय गेली." मी तांदूळ निवडत होते. सूप खाली ठेवून विचारलं, "कधी?" "पहाटे." मी पुन्हा सूप उचललं. बघणाऱ्यांना ते खटकलं असेल. रडू आलं नाही, त्याला मी काय करू?

गेली ती अनसूया, माझी भुजली. ज्यांना आमच्याकडची चाल ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. राखीच्या आधी पळसाच्या द्रोणात गहू पेरून ते अंधारात वाढवतात आणि राखीच्या दुसऱ्या दिवशी ते पिवळे अंकुर गावच्या बोडीत, म्हणजे तळ्यात, सोडतात. थोडे मागे ठेवून दोन बाया एकमेकींच्या कानावर खोवतात. त्या दिवसापासून त्या एकमेकींच्या भुजली. मग जन्मभर नाव घ्यायचं नाही, भुजली म्हणूनच हाक मारायची. तिचं माहेर ते आपलं माहेर, तिची पोरं ती आपली पोरं. मी वर तिचं नाव लिहिलं आहे, ते चुकून नाही.

तिरोड्याकडच्या आमच्या गावात आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन आलो. मी चौथी शिकलेली, तिला अक्षर येत नव्हतं. तिच्या माहेरची पत्रं मी वाचून दाखवायची. रोवणीत, म्हणजे धानाच्या लावणीत, ती माझ्या शेजारी असायची आणि तिची जीभ हातापेक्षा भरभर चालायची. "काऊन वो भुजली, धान लावून राहिलीस का गवत?" बांधीतल्या, त्या धानाच्या वाफ्यातल्या, साऱ्या बाया हसायच्या. मीही हसायची. हे खोटं कशाला सांगू, तिच्यासारखी सोबत मला पुन्हा मिळाली नाही.

माझी कुसुम आणि तिची विमल गावच्या शाळेत एकाच पाटावर बसून चौथी पास झाल्या. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती, गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. पाचवीसाठी सरकारी शाळा तीन मैलांवर, नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, काठानं चालत जायचं. तिथं सातवीपर्यंतच वर्ग आणि दोनच मास्तर. माझा भाऊ गोंदियात राईस मिलमध्ये कारकून होता. त्याच्या शेठच्या ओळखीनं तिथल्या एका खासगी शाळेत एका पोरीची जागा मिळत होती. पाचवीपासून इंग्रजी, पुढे मॅट्रिकपर्यंत सोय. दादाचा निरोप आला, "कुसुमला पाठव, माझ्या घरी राहील." कुसुमचा बाप तयार होता. मीही मनातून तयार होते.

हे मी भुजलीला सांगितलं. ती बोडीच्या पाळीवर माझा हात धरून बसली. "कुसुम गेली त माझी विमल त्या वाटेनं एकटी कशी जाईल? घरचे पाठवतीलच नाही. दोघी संगं असल्या त दोघी शिकतीन. अन् इंग्रजी शिकून का कलेक्टरीण व्हायचं हाय तुझ्या पोरीले?" मी म्हटलं, "पण जागा एकच आहे." "मंग नको पाठवू. दोघी सरकारी शाळेत जातीन. माझा शब्द हाय, भुजली."

मी दादाला नकार कळवला. नवऱ्याची बोलणी खाल्ली. कुसुम दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

शाळा सुरू झाली त्या सकाळी कुसुम पाटी-दप्तर घेऊन बोडीजवळ उभी राहिली. उन्हं वर आली तरी विमल येईना, म्हणून मी त्यांच्या घरी गेले. अनसूयाची सासू अंगण सारवत होती. "विमल? ते त गोंद्याले गेली, तुझ्याच भावाकडं. तुले माहीत नाई?"

दुसऱ्या दिवशी मी गाडीनं गोंदियाला गेले. दादाच्या स्वयंपाकघरात विमल जेवत होती, अंगावर शाळेचा निळा परकर. दादा म्हणाला, "तुझी भुजली स्वतः आली होती. म्हणाली, कुसुम येत नाही, माझ्या पोरीला ठेवून घ्या, तुमच्या बहिणीनंच धाडलंय. भुजलीची पोर म्हणजे भाचीच. मी खात्री कशाला करू?" मग हळूच विचारलं, "काढून आणू का तिला?" विमलचा घास हातातच राहिला होता. दहा वर्षांची पोर... मी म्हटलं, "राहू दे," आणि परतले.

रोवणीत ती नेहमीसारखी शेजारी येऊन वाकली. मी सगळ्या बायांदेखत मोठ्यानं हाक मारली, "अनसूया!" सगळ्यांचे हात थांबले. विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?" ती चिखलात ताठ उभी राहिली. "तुले सांगतलं असतं त तू सोडली असतीस का ते जागा?"

नसती सोडली. हे तिला ठाऊक होतं, म्हणून तर ती तशी वागली.

एकटी पोर नहराच्या वाटेनं कोण पाठवणार? कुसुम घरी बसली, पंधराव्या वर्षी सासरी गेली. मी चौथी, कुसुम चौथी. विमल मॅट्रिक झाली, मास्तरीण झाली, पुढे सरकारी शाळेचीच हेडमास्तरीण. स्वतःची दोन्ही मुलं मात्र तिनं खासगी शाळेत घातली. आईवर चार ओळी लिहा म्हणून मागे लागली तीही तीच. मी म्हटलं, खरं तेच लिहीन. ती म्हणाली, "लिहा." तिला किती माहीत आहे, मी विचारलं नाही. आणि अनसूयाच्या मयतीत सगळ्यांत जास्त रडली कोण, तर माझी कुसुम.

त्या रोवणीनंतर भुजलीचं नातं तुटलं असं मी धरलं. तिनं धरलं नाही. माफी तिनं कधी मागितली नाही, पण दरवर्षी राखीच्या दुसऱ्या दिवशी माझ्या दाराजवळच्या कोनाड्यात अंकुर ठेवून जायची. बोलायची नाही, थांबायचीही नाही. मी ते कानावर खोवले नाहीत. उचलून शेळीला घालायची. एक शेळी गेली की दुसरी यायची, तिलाही तेच.

परवा राखी झाली. काल सकाळी कोनाडा रिकामा होता. शेळी मात्र येऊन त्याच्याखाली उभी राहिली, मान वर करून. मी तिला दोनदा हाकललं. ती हलली नाही. मग मीही तिथंच उंबऱ्यावर बसले.