नोम्साबाईंच्या जागेवरचं गाऱ्हाणं

मिठबावहून निघाले तेव्हा बाबांनी अंगणात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, माझा चेडू परक्या मुलखात जाता, तेका सांभाळून घे रे म्हाराजा!" आई आणि मी मागून "व्हय म्हाराजा" म्हणालो. आमच्याकडे गाऱ्हाणं पुरुषांनी घालायचं, बायकांनी फक्त होकार द्यायचा. नवऱ्याची नोकरी जोहान्सबर्गला, म्हणून गावातली माझी मास्तरकी सुटली. आई म्हणाली, "रडा नको गो बाये, थंय पण माणसांच आसत."

आमच्या शेजारी नोम्साबाई राहतात. ऐंशी उलटलेल्या शिक्षिका; 'बाई' मी लावलं. गोऱ्यांच्या राजवटीत काळ्या मुलांना मोलकरीण किंवा हमाल होण्यापुरतंच शिकवायचं असा कायदा होता. बाईंनी नोकरी सोडली आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात वर्ग भरवला. सभा गाजवल्या, तुरुंगात गेल्या. सुटून येतात तर वस्ती गोऱ्यांसाठी राखीव झालेली, घरावरून बुलडोझर फिरलेला! मग दुसरी वस्ती, दुसरं स्वयंपाकघर, पुन्हा वर्ग. आणि मी इथे ताजा बांगडा मिळत नाही म्हणून डोळे गाळत होते. काय बाई आहे ही!

गोऱ्यांची राजवट गेल्यावर बाईंनी दावा लावला आणि हल्लीच पाडलेल्या घराची ती जागा त्यांना परत मिळाली. नुसतं गवत माजलंय. त्यांची मुलं म्हणाली, आता या वयात काय करणार, विकून टाक. बाई म्हणाल्या, "झोपायला घर आहे मला. शिकवायला नाही."

शाळेचा पाया खणायच्या दिवशी त्यांचे जुने विद्यार्थी जमले, सगळे पिकल्या केसांचे. बाईंनी माझ्या हातात नारळ दिला. "तुमच्याकडे देवाशी बोलतात म्हणालीस ना? बोल."

"ते पुरुषांचं काम," मी म्हणाले.

"मलाही पुष्कळ कामं माझी नाहीत असं सांगितलं होतं."

झालं! मी सगळ्यांना 'व्हय म्हाराजा' शिकवलं, गवतात नारळ ठेवला आणि बाबांसारखा आवाज लावला. "बा देवा म्हाराजा, हिचा घर पाडल्यानी, तरी ही हटाक नाय. आता हयसर शाळा उभी ऱ्हवांदे. कोण आड येयत, तर तेका परस्पर दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज बाईंचा होता.

छप्पर होईल तेव्हा होईल, सोमवारपासून गवतातच वर्ग सुरू होतोय. लहान मुलांचं गणित माझ्याकडे आहे. गाववाल्यांनो, माझ्या आईला एवढंच सांगा, हयसर व्हय म्हणणारी माणसां गावली.