पत्त्याचा रकाना

माझ्या ट्रंकेच्या झाकणाला आतून एक यादी चिकटवलेली आहे. आत काय आहे, किती आहे, कधी ठेवलं. धान्याच्या डब्यांची यादी वेगळी, औषधांच्या कपाटाची वेगळी. घरी येणारी माणसं हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. वस्तू लिहिल्या जागी सापडली की निम्मं काम झालं. ही सवय मला शहापूरला लागली, आणि याच सवयीपायी माझ्या हातून एका बाईचं घर गेलं. ते लिहायचं बरीच वर्षं टाळत आले. आता पन्नाशी उलटायला आली, तेव्हा लिहून मोकळी होते.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या थोडं आधी मी शहापुरात एका डॉक्टरांच्या खाजगी दवाखान्यात नर्स म्हणून लागले. डॉक्टर स्वभावानं फार चांगले, पण कागदांच्या बाबतीत भोंगळ. रोग्यांची नावं औषधांच्या खोक्यांवर लिहून ठेवत आणि मग ती खोकी चुलीत जात. मी पहिल्याच महिन्यात एक जाड वही घेतली आणि रूळ धरून रकाने आखले. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव, आजार, औषध, शेरा. रकाना रिकामा ठेवायचा नाही हा माझा नेम. डॉक्टर ती वही आल्यागेल्याला दाखवत. मुरबाडचे एक डॉक्टर त्यांचे स्नेही होते, ते तर म्हणाले, अशी एक बाई आम्हालाही द्या. हे बोलणं मी पुष्कळ दिवस मनात घोळवलं.

ती बाई आली तेव्हा भातं झोडून झाली होती. डोळखांबच्या बाजूच्या एका पाड्यावरून चालत आली होती, कडेवर दीड वर्षाची मुलगी. मुलीचा कान वाहत होता. कान पुसायला मी मुलीला घेतलं, तेव्हा बाईच्या कोपराखाली भाजल्याचा मोठा फोड दिसला. कशानं भाजलं, विचारलं. चुलीतलं लाकूड लागलं असेल, म्हणाली. कधी लागलं ते तिला सांगता येईना. फोडाच्या भोवती चामडी फिकट होती. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितलं आणि त्या जागेवरून कोंबडीचं पीस फिरवलं. ती आपली डोळे मिटून वाट बघत बसली, कधी सुरू करतात म्हणून.

महारोगाची सुरुवात होती. डॉक्टरांनी तिला ते नीट, सावकाश सांगितलं. ती रडली नाही. पोरीला पाजू का, एवढंच तिनं विचारलं.

लवकर कळलं होतं, म्हणून आशा होती. कडू कवठीच्या तेलाच्या सुया आठवड्याला एक, वर्ष-दीड वर्ष घ्याव्या लागणार होत्या. त्या आमच्याकडे नव्हत्या. मुरबाडचे डॉक्टर बाजाराच्या दिवशी देत. तिनं मनाशी हिशेब केला. भात घरात आलं की नवरा आणि दीर गवताच्या वखारीवर गाठी बांधायला जात, ते पावसाच्या तोंडाशी परतत. तेवढे महिने ती दरसाल माहेरी राही. माहेर मुरबाडहून वैशाखऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच होतं, आणि भावाची गाडी दर बाजाराला मुरबाडला जाई. म्हणजे घरी कुणाला काही न सांगता तिच्या सुया होण्यासारख्या होत्या. एवढं जमवून झाल्यावर तिनं माझा हात धरला.

"घरी कागूद नको यायला, बाय. मला काढतील नि पोर ठेवून घेतील."

नाही येणार, मी म्हटलं. तिच्यादेखत एका चिठ्ठीवर भावाचं नाव आणि गाव लिहिलं, वर लिहिलं, 'निरोप फक्त इथे', आणि ती चिठ्ठी वहीच्या पानाला टाचणीनं लावली. तिला वाचता येत नव्हतं. टाचणी घट्ट बसली आहे ना, ते तिनं बोटानं दाबून पाहिलं.

त्या हंगामात तिची एकही सुई चुकली नाही. पाऊस लागायच्या आधी ती सासरी परतली, जाताना मला दाखवायला आली. चट्ट्याच्या कडा निवळल्या होत्या. टोचलेल्या जागी दुखतं, म्हणाली, आणि हसली; दुखतंय याचाच तिला आनंद झाला होता. पाऊस संपला की पुन्हा सुरू करायचं ठरलं. घरी कुणाला पत्ता नव्हता.

त्या पावसाळ्यात मुरबाडच्या डॉक्टरांच्या कपाटाला वाळवी लागली. त्यांची सुयांची वही गेली. त्यांनी आमच्या डॉक्टरांना लिहिलं, तुमच्याकडून आलेल्या रोग्यांची यादी पुन्हा द्या. नाव, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव, घरचा पत्ता, कधीपासून. डॉक्टरांनी ते पत्र माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "हे काम तुमचं."

मला बरंच वाटलं. दुपारी रोगी नसताना बसले. चार रकाने मागितले होते, चारच आखले. एकोणीस नावं होती. तिचं पान आलं तेव्हा चिठ्ठी जागच्या जागी होती. मी ती पाहिली, विसरले नव्हते. पण रकान्यावर 'घरचा पत्ता' असं लिहिलं होतं, आणि लग्न झालेल्या बाईचं घर म्हणजे नवऱ्याचं. बाकी अठराजणांचे घरचेच पत्ते होते. भावाचा पत्ता त्या ओळीत खटकू लागला. शेऱ्याला रकाना नव्हता. मी विचार केला, कागद एका डॉक्टरांकडून दुसऱ्या डॉक्टरांकडे जातो आहे, तो कोण बघणार? निरोपाचं आपण भावाला तोंडी सांगू. आणि नवऱ्याचं नाव, पाड्याचं नाव सुवाच्य अक्षरात लिहून टीपकागद दाबला. यादी देखणी झाली होती. भाऊ मधल्या काळात शहापूरला आला नाही, आणि मीही निरोप धाडला नाही.

मुरबाडच्या डॉक्टरांनी आपलं काम केलं. भातकापणी जवळ आली होती, सुया पुन्हा सुरू करायच्या होत्या. त्यांनी यादीवरून सगळ्यांना कळवलं. लढाईमुळे त्या दिवसांत पाकिटं मिळेनाशी झाली होती. त्यांनी कार्डं टाकली.

त्या पाड्यांवर टपाल आठवड्यातून एकदा जाई. टपालवाला घरोघर फिरत नसे, सगळं शाळेत देई. वाचता येणारे मास्तर एकटेच. संध्याकाळी माणसं शाळेच्या ओट्यावर जमत आणि मास्तर एकामागून एक कार्ड मोठ्यानं वाचत. वखारीवरून कुणाचं कार्ड आलं तरी ते सगळ्यांनी ऐकायचं, कारण एकाच्या कार्डात दहाजणांची खुशाली असे. पाकीट असलं तर मास्तर ते न फोडता घरी नेऊन देत. कार्डाला तो नियम नव्हता. मास्तर मला पुढे म्हणाले, "'महारोगावरील सुया' हे शब्द तोंडातून गेले, आणि मग मला कळलं मी काय वाचतोय ते." वर नवऱ्याचं नाव त्यांनी आधीच वाचलं होतं.

मला हे कळलं ते भावाकडून. तो दवाखान्याच्या दाराशी उभा राहिला. आत बोलावलं तर आला नाही.

"सगल्यांसमोर वाचलं, बाय," तो म्हणाला. "पोर काढून घेतली."

मी दुसऱ्या दिवशी पाड्यावर गेले. वाटेत काय काय बोलायचं ते क्रमानं ठरवलं होतं. रोग सुरुवातीचा आहे, सुया चालू राहिल्या तर पसरत नाही, भांडी आणि अंथरूण वेगळं ठेवलं तर ती घरात राहू शकते. सासूनं मला पाट दिला, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. तिनं मध्ये तोंड घातलं नाही. माझं झाल्यावर म्हणाली, घरात पाच पोरं आहेत, एका टोपातलं खातात, तुमी सांगा मी कुणाला कुठं बसवू. भांडायला आलेली मी, मला भांडण सापडेना. उठताना ती मला दारापर्यंत सोडायला आली.

"तुमचे उपकार हायेत, बाय. तुमी कलवलं म्हनून आमाला कललं."

सुनेला शेताच्या कडेला खोप घालून दिली होती. भात पिकलं होतं. पाखरं हाकायचं काम तिला दिलं होतं. मी जवळ गेले तशी ती उठून दोन पावलं मागं सरली. चार दिवसांत एवढं शिकवलं होतं कुणीतरी. मी म्हटलं, कार्ड मी टाकलं नाही.

"पत्ता कोनी दिला मंग?"

"मी."

ती म्हणाली, "टाचनी लावली होती ना." त्यात राग नव्हता. घरातली एखादी वस्तू सापडत नसली की माणूस विचारतं, तसं विचारलं. पाखरांचा थवा उतरला तशी ती गोफण घेऊन वळली. मी परत आले.

कापणीनंतर भाऊ तिला घेऊन गेला. पण त्याच्याही घरात लहान मुलं होती आणि बायको रोज रडे. मुरबाडच्या डॉक्टरांना झाल्या गोष्टीचं फार लागलं होतं. त्यांनी खटपट करून तिला लांबच्या एका महारोग्यांच्या आश्रमात जागा मिळवून दिली. तिचं गाठोडं मी बांधलं. दोन लुगडी, चादर, पितळी, तांब्या. तिनं मुलीचं एक झबलं मागितलं होतं. मी सासूकडे निरोप धाडला. ते आलं नाही.

वर्षभरानं आश्रमातून मला पाकीट आलं. तिनं तिथे गाव सांगितलं नव्हतं, भावाचंही नाही. शहापूरची नर्सबाय, एवढंच सांगितलं होतं. आत एक छापील कागद होता, 'रोग्याच्या घरचा पत्ता' याच्यापुढे जागा. भरून पाठवा, असं लिहिलं होतं. मी टाक हातात घेतला आणि तो बुडवलाही. मग ती जागा तशीच सोडली आणि खाली लिहिलं, जे कळवायचं ते मला कळवावं, पाकिटातून.

त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी मी पाड्यावर जात असे. निमित्त खरजेच्या मलमाचं. सगळ्या पोरांचे हात-पाठ बघायची, त्यात हिच्या मुलीचेही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, या मुलीवर लक्ष ठेवा. कशासाठी, ते मी कुणाला सांगितलं नाही. मग आईला पत्र लिहायची. तिथेही कुणीतरी दुसराच वाचून दाखवणार, म्हणून नाव नाही, गाव नाही. 'तिला दाढा आल्या. चिंचा खाते. अंगावर काही नाही.' उत्तरं क्वचित यायची. एकदा एवढंच आलं, केस कोन विंचरतं विचारलंय.

लढाई संपता संपता शेवटचं पाकीट आलं. तापानं गेली होती. कुणाला कळवावं, असं विचारलं होतं.

भावाला मी जाऊन सांगितलं. सासरी कसं सांगावं याचा विचार चालला होता, तेवढ्यात एका बाजाराच्या दिवशी सासूच नातीला घेऊन दवाखान्यात आली. मुलीच्या पायात काटा मोडून पिकला होता. डॉक्टर काटा काढत होते; मुलगी विव्हळली, आणि त्या विव्हळण्यानं मला बरं वाटलं. सासूला मी औषधांच्या कपाटाकडे बाजूला नेलं आणि हळू आवाजात म्हटलं, ती गेली, गेल्या महिन्यात.

म्हातारी पदर दातात धरून उभी राहिली. "पोरीला आमी कवाच सांगितलंय, तुजी आय मेली म्हनून," ती म्हणाली. मग नातीकडे बघून, "आता खोटं नाय रायलं."

मी टेबलाशी आले, वही उघडली. मुलीचं नाव लिहिलं, बापाचं लिहिलं. पुढच्या रकान्यावर टाक टेकला, तेव्हा म्हातारीनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"गाव नको लिवू, बाय."

मी टाक पुसून ठेवला. मुलगी लंगडत आली आणि आजीचा हात धरून बाहेर गेली. तिचे केस घट्ट विंचरलेले होते.