गवळणीच्या चुलीवर मासळी

कुवळै आमच्या गवळीवाड्यातली ताक विकणारी. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर ताकाचं मडकं, आणि आवाज असा की माळावरची गुरंही मान वर करायची. तिच्या मुलाने, अंदुवनने, समुद्रकाठच्या कोळ्यांची पोर, आंबल, पळवून आणली तेव्हा वाड्याने नाकं मुरडली. कुवळैने मात्र सुनेला लोणी घातलेला वरीचा भात स्वतःच्या हाताने भरवला.

पण आंबल वाळत चालली. दही, ताक, घेवड्याचं कालवण, पानात पडेल ते गुणाने खायची. चार घासांत पुरे म्हणायची. एकदा झोपेत ती कोळंबी मागताना कुवळैने ऐकलं. सकाळी कुवळै ताकाचं मडकं घेऊन समुद्राच्या वाटेला लागली.

विहीण नागै वाळूत मासे सुकत घालत होती. मुलगी न सांगता गेल्यापासून तिने कुवळैच्या घराचं नावच टाकलं होतं. कुवळैला पाहताच तिने पाठ फिरवली.

"माफी मागायला आले नाही, विहीणबाई," कुवळै म्हणाली. "मासळी कशी रांधतात तेवढं सांगा. आमच्यात कुणी शिवलेली नाही."

"गवळणीच्या हातात देऊ? दुधात उकळशील."

"म्हणून तर विचारतेय."

नागैला आलेलं हसू तिने दाबलं. ओल्या पानांत कोळंबी बांधली, चिंच आणि मिरी घेतली, आणि टोपली उचलून स्वतःच निघाली. वाटभर मुलीला, जावयाला, गवळ्यांच्या म्हशींना नावं ठेवत होती. कुंपणाशी मात्र अडली. चोरांच्या अंगणात पाय ठेवणार नाही, इथूनच सांगेन, म्हणाली.

मग काय, कुवळैने चूल अंगणात आणली. नागै बाहेरून ओरडून सांगत होती, कुवळै कोळंबी सोलत होती, आणि आम्ही सगळा वाडा तोंडाला पदर लावून बघत होतो. चिंचेचा वास सुटला तशी आंबल वासरं सोडून धावत आली. कुंपणापलीकडे आई दिसली आणि ती जागीच थबकली.

दिवस मावळला. फाटक लावण्याआधी कुणी जेवायचं राहिलंय का, हे हाक मारून विचारल्याशिवाय आमच्याकडे कुणी घास घेत नाही. कुवळैने विचारलं. नागै टोपली झटकत राहिली. कुवळैने पुन्हा हाक दिली, ताक विकायच्या आवाजात.

"मी बहिरी नाही," नागै म्हणाली. "राहिलेय मी." आणि आत आली.

आंबल आईला चिकटून बसली. तिने कालवण बोटं चाटून संपवलं, पुन्हा वाढून घेतलं. नागैने वरीच्या भाताला नाक मुरडलं, आणि लोण्यासकट दोनदा मागितला. कुवळैने डोळे मिटून एक कोळंबी तोंडात टाकली, चावली. मग दुसरी उचलली.

आता नागै अधूनमधून टोपली घेऊन येते, जाताना लोण्याचं गाडगं नेते. वासाबद्दल वाड्याची कुरकुर अजून आहे. पण टोपली येते त्या दिवशी विस्तव मागायच्या निमित्ताने आम्ही साऱ्याजणी कुवळैकडेच जातो.